आयसीयूत आपल्या वतीने कोण बोलणार?

लिव्हिंग विल घेऊन नोटरीकडे गेलं की बहुतेकदा पहिला प्रश्न मिळकतीचा येतो. फ्लॅट कुणाच्या नावावर, मुलं किती, वाटणी कशी. त्यात नोटरीला दोष देता येत नाही. विल म्हणजे मृत्युपत्र आणि मृत्युपत्र म्हणजे माणूस गेल्यावर उघडायचा कागद, हे पिढ्यानपिढ्या डोक्यात बसलेलं आहे. हा कागद मात्र माणूस असतानाच उघडायचा असतो. त्यात घर नसतं, दागिने नसतात. आपण बोलण्याच्या किंवा ठरवण्याच्या स्थितीत उरलो नाही आणि बरं होण्याची आशाही संपली, तर कोणते उपचार करायचे, कोणते थांबवायचे आणि हे डॉक्टरांना सांगण्याचा अधिकार कुणाचा, एवढंच त्यात असतं. मराठीत त्याला आता वैद्यकीय इच्छापत्र म्हणू लागले आहेत.

2018 पासून या कागदाला आपल्याकडे कायदेशीर मान्यता आहे. तरीही त्याचं नाव काढलं की घरात दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘असलं अभद्र कशाला बोलता?’ आणि दुसरी, ‘म्हणजे इच्छामरण का?’ पहिलीला उत्तर देणं अवघड आहे. दुसरीचं देता येतं, आणि ते आधी दिलेलं बरं.

रुग्णाने मागितलं म्हणून डॉक्टरने प्राणघातक इंजेक्शन देणं नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये 2002 पासून ठरावीक अटींवर कायदेशीर आहे. भारतात तो गुन्हा आहे आणि लिव्हिंग विलमध्ये तसं लिहिलं तरी तो गुन्हाच राहतो. काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका वृद्ध जोडप्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली होती. दोघांनाही जीवघेणा आजार नव्हता. मूलबाळ नव्हतं, आणि अंथरुणाला खिळण्याआधी जावं असं त्यांना वाटत होतं. त्यांचं म्हणणं समजून घेण्यासारखं होतं, पण लिव्हिंग विलचा कायदा त्यांच्यासाठी नाही. विनोबांनी 1982 मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडलं, 1955 मध्ये कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, ही उदाहरणं आपल्याकडे लगेच दिली जातात. त्या दोघांनी शुद्धीत असताना स्वतःच्या तोंडाने ‘नको’ म्हटलं होतं. लिव्हिंग विलचा प्रश्न ज्याला ‘नको’ही म्हणता येत नाही त्याचा आहे.

शुद्धीवर असलेला प्रौढ माणूस कोणताही उपचार नाकारू शकतो. शस्त्रक्रिया नको म्हणाला, कागदावर सही केली आणि घरी गेला, तर कुणी त्याला धरून ठेवू शकत नाही. बेशुद्ध पडल्यावर हा हक्क नाहीसा होतो का? सर्वोच्च न्यायालयाचं उत्तर आहे: नाही. राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातला जगण्याचा हक्क प्रतिष्ठेने जगण्याचा आहे, आणि मरणाची प्रक्रिया सुरू झाल्यावर ती ओढून-ताणून न लांबवण्याचा हक्कही त्यातच येतो.

या उत्तरापर्यंतचा रस्ता परळच्या केईएम रुग्णालयातून गेला. अरुणा शानबाग तिथे परिचारिका होत्या. 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातल्याच एका वॉर्डबॉयने त्यांच्यावर हल्ला केला, गळा आवळला, आणि मेंदूचा प्राणवायू तुटला. तेव्हापासून 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या केईएममध्येच होत्या. पत्रकार पिंकी विरानी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि अन्न थांबवून त्यांना जाऊ द्यावं अशी विनंती केली. न्यायालयाने तपासणीसाठी मुंबईतले तीन डॉक्टर नेमले. अरुणाताई व्हेंटिलेटरवर नव्हत्या. श्वास त्यांचा त्या घेत होत्या आणि परिचारिका त्यांना कुस्करलेलं अन्न भरवत होत्या. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने विनंती फेटाळली. पण बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीवरक्षक उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील, हे तत्त्व पहिल्यांदा मान्य केलं.

त्या निकालातला एक भाग मला तत्त्वापेक्षाही मोलाचा वाटतो. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न न्यायालयाला सोडवावा लागला. विरानी यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं होतं, त्यांच्या हेतूबद्दल न्यायालयाला शंका नव्हती. तरीही निर्णय केईएमच्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने गेला. ज्यांनी 37 वर्षं त्यांना न्हाऊ-माखू घातलं, कूस बदलली, अंगावर एक बेडसोअर होऊ दिला नाही, त्याच त्यांच्या जवळच्या, असं न्यायालयाने म्हटलं. आणि त्या परिचारिकांना अरुणाताई जगायला हव्या होत्या. खुद्द अरुणाताईंना काय हवं असतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 1973 साली पंचविशीतल्या मुलीला ते विचारणार तरी कोण?

हे अज्ञान आधीच दूर करण्याची सोय म्हणजे लिव्हिंग विल. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने 2005 मध्ये केलेल्या याचिकेवर 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने या कागदाला मान्यता दिली. पण अटी अशा घातल्या की करणाऱ्याची दमछाक व्हावी. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. अंमलाच्या वेळी वीस वर्षं अनुभवाच्या तज्ज्ञांची मंडळं हवीत, त्यातलं दुसरं जिल्हाधिकाऱ्याने नेमलेलं. शेवटी दंडाधिकाऱ्याने स्वतः रुग्णाजवळ येऊन पाहायचं. हक्क कागदावर राहिला. अखेर अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांची संघटनाच न्यायालयात गेली, आणि 24 जानेवारी 2023 रोजी दुसऱ्या घटनापीठाने नियम बरेच सैल केले. आज चालतात ते हे नियम.

करणारा माणूस सज्ञान आणि भानावर असला पाहिजे आणि त्याच्यावर कुणाची जबरदस्ती नसली पाहिजे. वयाची वरची अट नाही, आजारी असण्याचीही नाही. कागद लेखी हवा. ठरावीक छापील फॉर्म न्यायालयाने सक्तीचा केलेला नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत, म्हणजे ज्यांना वारसा मिळणार ते नकोत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो साक्षांकित करायचा. दंडाधिकाऱ्याकडे आता जावं लागत नाही. वकील लागत नाही. गावातल्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोरही काम होतं, हे अनेकांना माहीत नसतं.

कागदात आपल्या वतीने संमती देणाऱ्या व्यक्तीचं नाव लिहायचं. 2023 नंतर एकापेक्षा जास्त नावं देता येतात. कागदाची प्रत या व्यक्तींना द्यायची, नेहमीच्या डॉक्टरांना द्यायची आणि एक आपल्या महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या अधिकाऱ्याकडे जमा करायची. त्या कार्यालयाने यासाठी एक अभिरक्षक नेमायचा, असं निकालात म्हटलं आहे.

निकालात म्हटलं म्हणून अभिरक्षक आपोआप तयार होत नाही. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार आपलं इच्छापत्र जमा करायला गेले तेव्हा ते घ्यायचं कुणी हेच ठरलेलं नव्हतं. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि त्यानंतर राज्यात स्थानिक संस्थांमध्ये अभिरक्षक नेमले गेले. गोव्यात 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून सुरुवात केली. कर्नाटक सरकारने जानेवारी 2025 मध्ये या निकालाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. तरी आपल्या वॉर्ड ऑफिसात किंवा नगरपालिकेत जाताना निकालाची एक प्रत जवळ ठेवावी. खिडकीपलीकडच्या माणसाने हे नाव पहिल्यांदाच ऐकलेलं असू शकतं.

इथवरचं सगळं दोन-तीन फेऱ्यांचं काम आहे. अवघड आहे ते आत काय लिहायचं हे.

‘मला कृत्रिम उपचार नकोत’ असं एक वाक्य लिहून सही करणारे पुष्कळ असतात. ते वाक्य धोक्याचं आहे. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले. या आजारात नसा तात्पुरत्या निकामी होतात, कधी श्वासाचे स्नायूही. त्यातले काही रुग्ण आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर होते आणि बरे होऊन घरी गेले. साठीतल्या माणसाला न्यूमोनिया झाला आणि व्हेंटिलेटरवर आठवडा काढून तो पुन्हा बागेत फिरायला लागला, हेही रोजचंच आहे. व्हेंटिलेटर हे मशीन. ते चांगलं की वाईट हे कशासाठी लावलं त्यावर ठरतं. म्हणून कागदात यंत्रांची यादी देण्याआधी स्थिती लिहावी. उदाहरणार्थ: ‘माझा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे आणि मी माणसं ओळखण्याच्या, त्यांच्याशी संवाद करण्याच्या स्थितीत परत येण्याची वाजवी शक्यता नाही, असं डॉक्टरांचं मत झालं, तर पुढील उपचार सुरू करू नयेत, सुरू असल्यास थांबवावेत.’ याच्याखाली उपचार.

ते उपचार म्हणजे काय, हे सही करण्याआधी एकदा समजून घ्यायला हवं, कारण सिनेमात दिसतं तसं काहीच नसतं. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न करतात. छाती पाच सेंटिमीटर खोल दाबावी लागते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात मोडतात. अचानक झटका आलेल्या पन्नाशीतल्या माणसासाठी ही किंमत काहीच नाही. कर्करोग शरीरभर पसरलेल्या नव्वदीतल्या आजींचं हृदय थांबतं ते मुळात शरीर थांबत आलेलं असतं म्हणून. तिथे बरगड्या मोडून फारसं काही हाती लागत नाही. ‘छाती दाबू नये’ या एवढ्याच सूचनेसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून श्वासनलिकेत जाते. ती असताना बोलता येत नाही, गिळता येत नाही, आणि रुग्णाने ती ओढू नये म्हणून गुंगीचं औषध द्यावं लागतं, बऱ्याचदा हात बांधावे लागतात. साधारण दोन आठवडे झाले की डॉक्टर गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घालण्याबद्दल विचारतात. नातेवाईकांना हा किरकोळ बदल वाटतो. खरं तर लांबच्या मुक्कामाचा निर्णय तिथे होतो, आणि तो बहुतेक वेळा कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या होतो.

नाकातून पोटात घातलेल्या नळीवर घरं अडतात. व्हेंटिलेटर नको म्हणणारा मुलगाही ‘आईला उपाशी कसं ठेवायचं?’ इथे थांबतो. जेवायला घालणं म्हणजेच माया करणं असं मानणाऱ्या समाजात हे साहजिक आहे. वैद्यकीय बाजू अशी की अखेरच्या टप्प्यात शरीर अन्न घेईनासं होतं, भूक मावळते, आणि बळेच दिलेलं अन्न फुप्फुसात उतरण्याची भीती असते. डिमेन्शियाच्या शेवटच्या अवस्थेत नळी घातल्याने आयुष्य वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. हाताने, चमच्याने, घेतील तेवढं भरवणं हाच तिथे चांगला मार्ग मानतात. केईएमच्या परिचारिका वर्षानुवर्षं करत होत्या ते हेच. तरीही यावर सगळ्यांचं एकमत होईल असं मला वाटत नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. आपलं मत काय ते कागदात स्पष्ट असावं, म्हणजे मुलांना उरलेलं आयुष्य ‘आपण आईला उपाशी मारलं’ या विचाराने काढावं लागणार नाही.

आता कागद आयसीयूत पोचल्यावर काय होतं ते पाहू.

रात्री दम लागला, ॲम्ब्युलन्स आली, कॅज्युअल्टीत नेलं. इथे कागद दाखवला तरी डॉक्टर आधी उपचार करतील, आणि तेच बरोबर आहे. आजार शेवटचा आहे की पंधरा दिवसांत उतरणारा, हे त्या पहिल्या तासात कुणालाच सांगता येत नाही. कागदाची वेळ नंतर येते: आजार असाध्य आहे, उपचार लांबत चालले आहेत आणि रुग्णाला स्वतः ठरवता येत नाही, या तिन्ही गोष्टी जमून आल्यावर. तेव्हा उपचार करणारे डॉक्टर कागद खरा आहे ना हे अभिरक्षकाकडून किंवा डिजिटल आरोग्य नोंदीतून तपासतात. रुग्णालय पहिलं वैद्यकीय मंडळ नेमतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. ते रुग्णाला पाहतात, कागदात नाव असलेल्या व्यक्तीशी बोलतात आणि शक्यतो 48 तासांत मत देतात. उपचार थांबवावेत असं त्यांचं मत झालं, तर दुसरं मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो 48 तास. दोघांचं जुळलं आणि कागदातल्या व्यक्तीने संमती दिली, की अंमल करण्याआधी दंडाधिकाऱ्याला कळवायचं. त्याची परवानगी मागायची नसते. नुसतं कळवायचं असतं. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे.

कागद नसेल तरी हीच वाट जवळच्या नातेवाईकांच्या संमतीने चालता येते. हे फार कमी घरांना कोणी सांगतं. प्रत्यक्षात काय होतं हे आयसीयूबाहेर बसलेल्या कुणालाही विचारावं. बिल चढत जातं, डॉक्टर ‘क्रिटिकल आहे’ याच्या पुढे बोलत नाहीत, आणि एक दिवस घरचे ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असं लिहून देतात. रुग्णालयाच्या भाषेत डामा. अंबू बॅग दाबत पेशंट घरी येतो आणि जातो. ना मॉर्फिन, ना घशातला कफ कमी करणारं औषध, ना फोन उचलणारा डॉक्टर. उपचार थांबवण्याचा निर्णय आपल्याकडे होत नाही असं नाहीच. तो होतो, फक्त पैशाने होतो आणि त्याला तसं म्हटलं जात नाही.

डॉक्टर तरी का गप्प बसतात? व्हेंटिलेटर मुळात न लावणं आणि लावलेला काढणं यांत नैतिक फरक नाही, असं वैद्यकीय नीतिशास्त्र मानतं. पण काढणारा हात कुणाचा तरी असतो, आणि त्या हाताला पोलिस स्टेशनची भीती असते. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 2024 मध्ये याविषयी मसुदा काढला तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनेच आधी हरकत घेतली. असे निर्णय आधीच घेतले जातात, आता ते कोर्टकचेरीच्या नजरेखाली येतील, असं त्यांचं म्हणणं होतं. कायद्याने संरक्षण दिलं आहे ते पायऱ्या पाळणाऱ्याला, आणि पायऱ्या पाळायला वेळ, माणसं आणि रुग्णालय प्रशासनाची तयारी लागते. जिल्ह्याच्या गावातल्या वीस खाटांच्या आयसीयूत दोन मंडळांना पुरेसे तज्ज्ञ आणायचे कुठून, याचं उत्तर निकालात नाही.

यातून सुटण्याची एक वाट काही आयसीयूंमध्ये वापरतात आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. नळी घालतानाच सांगायचं: ‘चार-पाच दिवस पूर्ण प्रयत्न करू. या-या गोष्टी सुधारल्या तर पुढे जाऊ. नाही सुधारल्या तर पुन्हा एकत्र बसू.’ मुदत आधी ठरलेली असल्याने पाचव्या दिवशी कुणी हार मानल्यासारखं होत नाही. आणि या पाच दिवसांत अमेरिकेतला मुलगा येऊन पोचतो. हाही या विषयाचा एक नेहमीचा अंक आहे. पुण्या-ठाण्यात आईचं रोजचं बघणारी मुलगी ‘आता पुरे’ म्हणते, आणि न्यू जर्सीहून उतरलेला भाऊ सगळं काही करा म्हणून बसतो. त्याचं प्रेम कमी नसतं. तीन वर्षांतली रोजची घसरण त्याने पाहिलेली नसते, इतकंच. कागदात नाव मुलीचं असेल तर वाद होतो, पण मिटतो.

उपचार थांबवले म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडलं असं नव्हे. व्हेंटिलेटर काढायचा तर आधी दम घुसमटू नये म्हणून मॉर्फिन आणि गुंगीचं औषध देतात, घशातला आवाज कमी करणारं औषध देतात, मॉनिटरचे अलार्म बंद करतात, आयसीयूत एरवी दहा मिनिटं मिळणाऱ्या घरच्यांना जवळ बसू देतात. या शास्त्राला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि ते शेवटच्या दिवसापुरतं नाही. ते आजाराच्या सुरुवातीपासून उपचारांच्या जोडीने चालायला हवं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 मध्ये सुरू झालं, देशातलं असं पहिलं. पुण्यात वारज्याला 1997 पासून कर्करुग्णांसाठी सिप्लाचं केंद्र आहे. दोन्हीकडे सेवा मोफत. पण महाराष्ट्राच्या आकाराला ही बेटं आहेत. मॉर्फिनचं तर विचारूच नका. ज्या देशात अफू सरकारी परवान्याने पिकते, तिथे 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने रुग्णालयं ते ठेवीनाशी झाली. 2014 मध्ये कायदा सुधारला, परवाना सोपा झाला. सवय मात्र मोडलेली नाही.

आता मला सतावणारी शंका. हा कागद खरोखर आपल्या इच्छेचा असतो का?

2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढचे 8.6 टक्के होते, महाराष्ट्रात 9.9, गोव्यात 11.2. शतकाच्या मध्याला देशात दर पाचांत एक जण साठीपुढचा असेल असा अंदाज आहे. मुलं एक किंवा दोन, तीही लांब. ब्यूरोची बाई दिवसपाळीला एक, रात्रपाळीला दुसरी, डायपर, फिजिओ, आणि विमा सहसा घरच्या शुश्रूषेचे पैसे देत नाही. अशा घरात पंचाहत्तरीच्या वडिलांनी ‘मला काही झालं तर उगाच खर्च करू नका’ असं लिहून दिलं, तर ती इच्छा की भीड? आपल्या आयांची पिढी गरम पोळीसुद्धा स्वतःसाठी मागत नसे; ती व्हेंटिलेटर मागेल? अपंगांच्या चळवळीतले लोकही एक गोष्ट सांगतात, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही: धडधाकट माणसाला खाटेवरचं आयुष्य असह्य वाटतं, त्यात राहणाऱ्याला ते बरेचदा तसं वाटत नाही. चाळिशीत लिहिलेला कागद सत्तरीतल्या माणसाच्या वतीने बोलेलच असं नाही.

यावर दोन गोष्टी धरून ठेवाव्यात. कागद केव्हाही लेखी बदलता किंवा रद्द करता येतो आणि शेवटी केलेलाच ग्राह्य. म्हणून मोठं आजारपण, जोडीदाराचा मृत्यू अशा वळणांनंतर तो काढून पुन्हा वाचावा. आणि रुग्णाला शेवटीसुद्धा सांगता येत असेल, तर कागदापेक्षा त्याचं त्या घडीचं म्हणणं मोठं. मंडळांना ते विचारावंच लागतं. दुसरी गोष्ट सरकारची. ज्या राज्यात घरी येणारी नर्स, वेदनाशमन आणि दिवसभराची सोबत मिळते, तिथे ‘नको’ म्हणण्याला अर्थ आहे. केरळमध्ये पंचायतींनी घरोघरच्या पॅलिएटिव्ह सेवेची जबाबदारी घेतली आहे. आपल्याकडे आई-वडिलांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे, म्हणजे मुलांवर दावा करता येतो. शुश्रूषा मात्र दाव्याने मिळत नाही.

कागदातली सगळ्यात जास्त विचार करून लिहायची ओळ म्हणजे नावाची, असं मी मानतो. मोठा मुलगा म्हणून मोठ्या मुलाचं नाव घालू नये. आपल्यावर सर्वांत जास्त प्रेम करणारा माणूस या कामाला सर्वांत योग्य असतो असंही नाही. काहींना सोडवत नाही. घालावं त्याचं नाव, जो डॉक्टरांना न घाबरता प्रश्न विचारेल, जो आपल्याला ओळखतो आणि भावाबहिणींचा राग सोसेल. त्याला आधी विचारावं. बसून एकदा सगळं सांगावं, त्याच्या शंका ऐकाव्यात, आणि इतर मुलांना त्याच्यासमोरच कळवावं. दोन साक्षीदार आणि नोटरीच्या शिक्क्याला हे संभाषण जोडलेलं नसेल, तर मंडळासमोर ती व्यक्ती ‘मला काही बोलले नव्हते’ म्हणेल आणि कागद तिथेच अडेल.

ज्यांच्याकडे घालायला नावच नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतो. निकाल पालक किंवा जवळच्या नातेवाइकाबद्दल बोलतो. पुण्या-मुंबईत एकटे राहणारे अविवाहित, अपत्य नसलेले, जोडीदार गेलेले, वृद्धाश्रमात भाच्याच्या नावावर दाखल झालेले, यांचा जवळचा माणूस अनेकदा शेजारीण असते, जुना मित्र असतो किंवा रोज येणारी बाई. 2011 मध्ये न्यायालयाने केईएमच्या परिचारिकांना अरुणाताईंच्या जवळच्या मानलं होतं. तोच न्याय शेजारणीला लावायचा, तर तिचं नाव पालक म्हणून कागदात उघड, का निवडलं त्या कारणासह, लिहून ठेवलेलं असावं, आणि आयसीयूच्या दारावरच्या वॉचमनला ‘तुम्ही पेशंटच्या कोण?’ याचं उत्तर म्हणून दाखवायला त्याची एक प्रत तिच्या पर्समध्ये असावी.